दार क्रमांक नऊ, मूळ स्थितीत

२ जानेवारी

निरोपाच्या कार्यक्रमात कंपनीने भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि ही डायरी. डायरीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी रंगाचा एक चौकोन छापलाय आणि त्याखाली त्या छटेचं नाव. आजची छटा 'मवाळ लोणी'. सव्वीस वर्षं रंगाच्या कंपनीत काढली, पण तापट स्वभावाचं लोणी मी अजून पाहिलेलं नाही.

माझं पद तक्रार तपासनीस. कुणाच्या भिंतीचा रंग फुगला, सुटला, पोपडे धरले की मी जायचो. बोटाने टकटक करायचो, नखाने खरवडायचो आणि फॉर्म भरायचो. फॉर्मवर तीन चौकोन: दोष भिंतीचा, दोष रंगाऱ्याचा, दोष ग्राहकाचा. चौथा चौकोनच नव्हता, त्यामुळे कंपनीचा दोष सव्वीस वर्षांत एकदाही निघाला नाही. लोक माझ्या अंगावर ओरडायचे. मी शांतपणे बरोबरची खूण करायचो.

आता स्वेच्छानिवृत्ती. इच्छा कंपनीची, निवृत्ती माझी. कोरे फॉर्म शंभरेक उरले होते, ते घरी घेऊन आलो. पाठकोरे कागद कामाला येतात.

बायको म्हणाली, "आता वेळच वेळ आहे. बाथरूमच्या दाराची कडी लागत नाही, तेवढी बघा." बघतो म्हटलं.

७ जानेवारी

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. पेशंटची हनुवटी यंत्रावर टेकवायची आणि समोरची अक्षरं वाचून घ्यायची. आज डबा विसरली म्हणून द्यायला गेलो. बसायच्या खोलीत भिंतभर एक फ्रेम लावलीय. फोटो एका जुन्या दाराचा. मी जवळ जाऊन पाहिलं. तैलरंगाचे तीन थर, मधल्याला अस्तर नाही, खालून ओल चढलेली. सरळ सरळ दोष रंगाऱ्याचा. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, ही तक्रार इथे का लावलीय? ती म्हणाली, "काका, हे वॉल आर्ट आहे."

मग तिने त्याची किंमत सांगितली आणि मी पेशंटच्या खुर्चीत बसलो.

जे दाखवून लोकांनी मला सव्वीस वर्षं शिव्या घातल्या, तेच ते काचेत घालून भिंतीवर लावतात. आणि पोपडा कसा धरतो, कुठून उचलतो, किती दिवसांत वळतो, हे माझ्याइतकं या गावात कुणाला माहीत असेल? संध्याकाळपर्यंत माझा निर्णय झाला होता.

११ जानेवारी

कॅमेरा घेतला. बायकोने विचारलं, कडी घेतली का? विसरलो.

बंद पडलेल्या काच कारखान्यामागे एक गल्ली आहे. तिथे कामगारांसाठी बांधलेली एक बैठी इमारत अजून उभी आहे. सहा बिऱ्हाडं, सहा दारं, क्रमांक पाच ते दहा. पहिली चार बिऱ्हाडं कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही. दारांपैकी नऊ नंबर बघून मी रस्त्यातच थांबलो. वर निळा, त्याखाली करडा, त्याच्याही खाली हिरवा. उजव्या कोपऱ्यात तिन्ही रंग एकदम दिसतात. दाराशेजारी पाटी: 'चेन बदलून मिळेल. पँट, बॅग, जाकीट.'

दार उघडलं. दारात एक बाई, नाकावर चष्मा, गळ्यात मोजायची पट्टी. सगळी गल्ली तिला चेनवाल्या काकू म्हणते, हे मला नंतर कळलं.

"काय बदलायचंय?"

"काही नाही. मला फक्त दार हवंय."

"दार आम्हाला लागतं," काकू म्हणाल्या.

मी फोटोचं सांगितलं. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि माझी कीव आल्यासारखा चेहरा करून आत जाऊन मशीन सुरू केलं. मी चाळीस फोटो काढले.

१९ जानेवारी

एका गॅलरीवाल्या मॅडमना फोटो दाखवले. त्या हॉटेलं, दवाखाने, कंपन्यांची ऑफिसं यांच्या भिंती सजवून देतात. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसच्या भिंती इतक्या गुळगुळीत आहेत की मला मनातल्या मनात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तीन हात लांबी, वर पॉलिश पेपर, मग रंग. ('लांबी' म्हणजे रंगाआधी भिंतीला भरतात ती पांढरी पुट्टी. डायरी कुणी पुढे वाचलीच तर.)

मॅडम बराच वेळ फोटो बघत बसल्या. मग म्हणाल्या, "नजर आहे तुमच्याकडे. पण यात दुःख कमी पडतंय."

"म्हणजे पोपडे?"

"म्हणजे काळ. माणसांनी सोडून दिल्याची भावना. हे दार अजून थोडं वापरातलं वाटतं हो."

वापरातलंच आहे, हे मी सांगितलं नाही. नजर आहे म्हणाल्या, एवढं घेऊन घरी आलो. सव्वीस वर्षांत साहेबांनी माझ्यात फक्त वक्तशीरपणा पाहिला होता.

२७ जानेवारी. छटा: 'सुखी शेवाळ'

आज काकूंनी चहा दिला. मी रंगाच्या कंपनीत होतो हे त्यांना कळल्यापासून वागणूक बदललीय. आत कॉटवर त्यांचे सासरे असतात, सुतारकाका. वय ऐंशीच्या पुढे, कान गेलेले, बोटं शाबूत. नऊ नंबरचं दार त्यांनीच केलेलं आहे. मला हाताला धरून दारापाशी नेलं, मुठीने ठोकलं आणि ओरडून म्हणाले, "आतून ठणठणीत आहे."

मी वरचे सुटे पोपडे पत्र्याने उडवत होतो, खालचा हिरवा जास्त दिसावा म्हणून. काकूंना वाटलं मी रंगकामाची तयारी करतोय.

"किती वर्षं मालकाच्या मागे लागलोय आम्ही," त्या म्हणाल्या. "तुम्ही देवासारखे आलात. रंग कधी लावणार?"

"आधी जुना काढावा लागतो," मी म्हटलं. यात खोटं काहीच नाही. कुठल्याही रंगाऱ्याला विचारा.

३ फेब्रुवारी

पोपडा नुसता उडवून उपयोग नाही, त्याला वळण पाहिजे. गरम हवा दिली की कडा वर उचलते आणि छान कुरळी होते. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर नेला. काकूंनी वायर लावायला आतला प्लग दिला. वीज त्यांची. मशीन तेवढा वेळ बंद ठेवावं लागलं. पण पोपडे असे उमलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू म्हणाल्या, धूळ जाते डोळ्यात, फडकं बांधा.

घरी बायको ड्रायर शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधला.

१० फेब्रुवारी

ओल. ओलीशिवाय दुःख नाही. आठ दिवस रोज सकाळी जाऊन फवारणीच्या पंपाने दाराच्या खालच्या फळीवर पाणी मारतोय. काळपट डाग धरू लागलेत. तपासनीस असताना असा डाग दिसला की मी ग्राहकाला झापायचो.

एक किरकोळ गोष्ट. फळी फुगल्यामुळे दार चौकटीत बसत नाही. काकू रात्री आतून शिलाईचं मशीन लोटून दाराला लावतात. ते ढकलताना सुतारकाकाही हात लावतात म्हणे. "रंग लागला की बसेल ना दार?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, बघू.

१६ फेब्रुवारी

आज जे केलं ते तांत्रिकदृष्ट्या चित्रकलेत मोडतं.

फोटोत वरचा भाग रिकामा वाटत होता. चौकटीच्या वरची भिंत अगदीच कोरी, नजर तिथे जाऊन बसते आणि उठतच नाही. तिथे एखादी भेग असती तर नजर खाली दारावर घसरली असती. काकू जाकिटं द्यायला गेल्या होत्या. त्या निघताना मी त्यांच्याकडून मशीनचं स्टूल मागून घेतलं होतं. त्यावर चढलो आणि कोळशाने एक भेग काढली. तिरपी, दोन फूट, मध्ये दोन फाटे. सव्वीस वर्षं भेगा पाहिल्यात, त्यामुळे हात थांबलाच नाही. खरी भेग सरळ जात नाही, विटांच्या सांध्याने पायऱ्यापायऱ्यांनी जाते. ते बारकावे सगळे घेतले. आधी बोटाने पुसट केली, मग जागोजागी गडद.

आतून सुतारकाका बघत होते. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

२० फेब्रुवारी

नवे फोटो बघून मॅडम म्हणाल्या, "आता जमलं बघा."

एवढंच म्हणाल्या. मी घरी चालत आलो, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

१ मार्च

बायकोला ड्रायर माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत सापडला. चष्मा कपाळावर सरकवून तिने त्याच्या तोंडात पाहिलं. जवळचं बघायचं असलं की ती चष्मा काढते.

"यात निळा रंग अडकलाय. मी निळे केस कधी ठेवले होते?"

"एक प्रयोग करत होतो."

"बरं," ती म्हणाली. "बाथरूमला आतून बादली लावून बसते मी रोज. तोही प्रयोगच आहे."

१४ मार्च. छटा: 'पहाटेचा शंख'

प्रदर्शन. गावभर हिंडून काढलेली माझी बारा दारं, मधोमध नऊ नंबर, माणसाच्या उंचीची प्रत. खाली मॅडमनी लिहिलेलं: 'दार क्रमांक नऊ, मूळ स्थितीत.' प्रत्येक चित्रासोबत सत्यतेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. हे छायाचित्र मी अमुक जागी, अमुक दिवशी, कोणताही फेरफार न करता काढलं आहे, खाली सही. मॅडम म्हणतात, गिऱ्हाईक फोटो विकत घेत नाही, हा कागद विकत घेतो. मी बारा सह्या केल्या. फोटोत मी खरंच काही फेरफार केलेला नाही. जो केला तो दारात.

एक गृहस्थ नऊ नंबरसमोरून हलायलाच तयार नव्हते. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं.

"ही इमारत माझ्या वडिलांची," ते म्हणाले.

मला भरून आलं. वडिलांच्या वास्तूवर एवढं प्रेम असलेली माणसं आता कुठे राहिलीत?

"इतकी वाईट अवस्था झालीय?" त्यांनी विचारलं.

"याहून वाईट आहे," मी म्हटलं. कलावंताने थोडं हातचं राखून सांगावं, पण मी भारावून गेलो होतो. "फोटोत सगळं कुठे येतं?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. तशीच आणखी एक मोठी प्रत मागवली. प्रमाणपत्रावर पत्ता अगदी नीट लिहून मागितला, आणि भेग किती फूट आहे तेही. मी तेही लिहिलं. असा रसिक विरळा.

२२ मार्च

रसिक गृहस्थांचा फोन. बाकीची पाच दारंही हवीत, शिवाय ओट्याचा कठडा, छपराची पन्हळ, मागची भिंत. सगळं प्रमाणपत्रासह. "तुमच्या नजरेने बघितलं की ते जास्त खरं दिसतं," म्हणाले. दिवसभर बायकोला हे वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, "त्यांना चष्मा लागलाय का विचारा."

४ एप्रिल

बऱ्याच दिवसांनी गल्लीत गेलो. नऊ नंबरच्या आत सगळं इकडचं तिकडे झालंय. उजेडात दाराजवळ असायचं ते मशीन मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेलंय. रात्री तिथून दारापर्यंत लोटतात आणि सकाळी परत नेतात. सुतारकाकांची कॉट मोरीच्या तोंडाशी. काकू सुईत दोरा ओवायला उंबऱ्यापर्यंत येतात आणि ओवला की परत आत जातात.

"काय झालं?"

त्यांनी वर बोट केलं. "ती भेग. परवापरवापर्यंत नव्हती. दाराजवळ काकांची कॉट होती, रात्रभर मला झोप नाही. काही पडलं तर? त्यांना ऐकूही येणार नाही."

सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तुम्ही जाणकार. बघा ना जरा, कितपत वाईट आहे." मी वर बघितलं. हनुवटी खाजवली. म्हटलं, तशी वरवरची आहे.

"तशी म्हणजे?"

"लक्ष ठेवायचं," मी म्हटलं आणि निघालो. चहा अर्धाच राहिला.

१९ एप्रिल

मोठी बातमी. नवीन हॉटेल होतंय, चाळीस खोल्या. प्रत्येक पलंगाच्या डोक्याशी माझं एक दार. मॅडम म्हणाल्या, तुमचं नाव झालं समजा. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने काहीतरी भिंतीवर लागणार आहे. आजवर फक्त सुटलेलं.

बायकोला सांगितलं. खूश झाली, खरंच झाली. मग म्हणाली, "चाळीस दारं. त्यातलं एक तरी लागतं का?"

२७ एप्रिल

काकूंचा फोन. त्यांना मोठमोठे शब्द वाचता येत नव्हते म्हणून कागद वाचायला बोलावलं. पालिकेची नोटीस. इमारत धोकादायक, सहाही बिऱ्हाडांनी पंधरा मेपर्यंत जागा रिकामी करावी. कारण: दाराच्या चौकटीवर दोन फूट तिरपी भेग, तळाशी ओल, लाकूड कुजलेलं. मालकांनी सादर केलेला पुरावा सोबत जोडला आहे.

पुरावा मी काढलेला फोटो. झेरॉक्स इतकी वाईट होती की निळा, करडा, हिरवा सगळं एकच काळं, आणि खरं सांगतो, आधी मला त्याचाच राग आला. मग खाली प्रमाणपत्र दिसलं. कोणताही फेरफार न करता. माझी सही, माझ्या वळणाची, शेवटी ती शेपटी.

पाच नंबरमध्ये एक बाई तान्ह्या पोराला घेऊन आहे, सात नंबरमध्ये दोघे भाऊ बेकरीत कामाला. सगळे दारात जमले होते. काकू म्हणाल्या, "माणूस आला नाही, बघितलं नाही, आणि कुजलंय कसं म्हणतात? कुणीतरी सांगितलं असणार."

सुतारकाकांना त्यांनी कानात ओरडून सांगितलं. ते उठले, भिंतीला धरत दारापाशी गेले आणि मुठीने ठोकत राहिले. "ठणठणीत आहे," म्हणाले. "ठणठणीत आहे की."

काकूंनी हरकतीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे. आठ मेला इंजिनिअर येऊन बघणार आहेत.

२९ एप्रिल

शांतपणे विचार केला. भेग मी काढली, पण नोटीस मी काढलेली नाही. दोष न बघता सही करणाऱ्या इंजिनिअरचा. दोष मालकाचा. थोडा दोष इमारतीचाही आहे, ती जुनी आहेच. मला तीन चौकोन सहज भरता आले.

मॅडमशी आडून बोललो. एखाद्या दाराला समजा थोडी मदत केलेली असली तर? त्या हसायच्या थांबल्या. "मला असलं काही सांगू नका. एक कागद खोटा निघाला तर चाळीसच्या चाळीस परत येतील. आणि त्यानंतर तुम्ही या धंद्यात नाही."

मूग गिळून बसायचं ठरवलं. इंजिनिअरला येऊ दे, तो जाणकार असेल तर त्याला कळेलच.

४ मे

बसवत नाही. म्हणजे गप्प. जेवण जात नाही.

६ मे

दिवाणखान्यात नऊ नंबरची एक प्रत लावलीय. बायको कामावरून आली, पर्समधून भिंग काढलं आणि चित्राच्या वरच्या भागाला लावून बराच वेळ उभी राहिली. काकूंची नोटीस मी टेबलावर ठेवली होती. ती तिने सकाळीच वाचली असणार.

"ही भेग पेन्सिलची आहे," ती म्हणाली.

"पेन्सिलची कशी असेल? कोळशाची आहे," मी म्हटलं.

सव्वीस वर्षांची सवय. कुणी चुकीचं निदान केलं की मला राहवत नाही.

तिने भिंग पर्समध्ये टाकलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बाथरूममध्ये गेली आणि आतून बादली सरकवल्याचा आवाज आला. मी सोफ्यावर बसून तो आवाज ऐकला. गेले चार महिने रोज होतोय, आज ऐकू आला. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की चित्राकडे पाठ करून बसलो.

८ मे

सकाळी बायकोने हातात पिशवी दिली. आत पाण्याची बाटली आणि एक ओलं फडकं.

इंजिनिअर तरुण, घाई असलेले. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून फोटो वर धरला, दाराकडे बघितलं, परत फोटोकडे. "आहे. भेग आहे." रसिक गृहस्थ शेजारी मान हलवत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "हेच ते कलाकार," त्यांनी ओळख करून दिली.

मी काकूंना स्टूल मागितलं. त्यांनी आणून दिलं. चढलो. स्टूल काकूंनी धरलं. फडकं भेगेच्या वरच्या टोकाला लावलं आणि खाली ओढलं.

दोन फूट भेग चार पुसण्यांत गेली. मागे थोडा करडा डाग राहिला. मी भिंतीवर बोटाने टकटक केली, वरपासून खालपर्यंत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "भरीव आहे," मी म्हटलं. "खालची ओल पंपाने मारलेली आहे, त्याने फळी वाकलीय. लाकूड कुजलेलं नाही. पोपडे गरम हवेचे."

सुतारकाका दाराला हात लावून होते.

"म्हणजे तुम्ही खोटं प्रमाणपत्र दिलंत?" इंजिनिअरनी विचारलं.

"हो."

"अहो, पण तुम्ही कलाकार आहात," गृहस्थ म्हणाले. आवाजातला गोडवा थोडा पातळ झाला होता.

"मी तक्रार तपासनीस आहे," मी म्हटलं.

इंजिनिअर म्हणाले, लिहून द्या. त्यांनाही ते लवकर हवं होतं, न बघता नोटीस काढल्याचं आता त्यांच्या अंगाशी येत होतं. माझ्या बॅगेत कंपनीचे जुने फॉर्म होते. नाव, पत्ता, तक्रारीचं स्वरूप सगळं भरलं आणि खाली आलो. दोष भिंतीचा. दोष रंगाऱ्याचा. दोष ग्राहकाचा. पेन तिन्हींवरून फिरलं. मग शेजारी हाताने चौथा चौकोन काढला, पुढे लिहिलं 'तपासनिसाचा' आणि बरोबरची खूण केली. सही केली. शेपटी काढली नाही.

काकूंनी अजून स्टूल सोडलं नव्हतं.

"त्या दिवशी स्टूल मागितलंत ते याच्यासाठी?"

"हो."

"मी त्या भेगेच्या भीतीने काकांना मोरीजवळ झोपवलं. दोन महिने."

त्यांनी स्टूल उचललं आणि आत नेलं.

१२ मे

नोटीस मागे घेतली. इमारत राहण्याजोगी, पन्हळ मालकाने दुरुस्त करून द्यावी, असा शेरा. मालक दुसरी वाट शोधेलच, पण सध्या सहा दारं जागेवर आहेत.

मॅडमनी चाळीसच्या चाळीस नाकारली. प्रदर्शनातली बाराही परत आली, टेम्पोतून, आडवी टाकून. फोनवर फक्त म्हणाल्या, "तुमच्याकडे नजर होती हो." बायकोने ऐकलं आणि म्हणाली, "होती नाही, आहे. नंबर बदललाय." मग मला चहा दिला.

१५ मे

बाथरूमची कडी बसवली. चार स्क्रू, दहा मिनिटं. बायकोने तीन वेळा लावून बघितली.

२४ मे. छटा: 'सौम्य वाळू'

आज नऊ नंबर पूर्ण झालं. आधी सुतारकाकांनी फळी स्वतः रंधली. कॉटवर बसून, मी दार आडवं धरलेलं. रंध्याखालून ढलप्या कुरळ्या होऊन पडत होत्या आणि आत लाकूड अजून लालसर होतं. मग पॉलिश पेपर, अस्तर, लांबी, परत पॉलिश पेपर, दोन हात रंग. प्रत्येक थर पुरता वाळू दिला. ग्राहकांना सव्वीस वर्षं सांगत आलो ते सगळं पहिल्यांदाच स्वतः केलं.

रंग काकूंनी निवडला. गुलाबी. भडक, बाहुलीच्या फ्रॉकसारखा. मी म्हटलं, उन्हात हा दोन वर्षांत उडेल.

"उडाला तर परत लावाल," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

मशीन उजेडात आलंय, कॉट दाराजवळ. मधे एक नवं टेबल दिसलं. वाकून बघितलं तर माझी माणसाच्या उंचीची प्रत, दोन पेट्यांवर पालथी घातलेली. मीच त्यांना नेऊन दिली होती, माफी म्हणून, दुसरं काय द्यावं ते सुचलं नाही. काकू तिच्या पाठीवर कापड कापतात. "सपाट आहे," म्हणाल्या. "बरं पडतं."

गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा घेतलेली एक मुलगी उभी होती. गुलाबी दार बघून हळहळली. "काका, जुनं ठेवायचं ना. काय सुंदर असेल ते." मी तिला काच कारखान्याकडे जाणारा रस्ता दाखवला. तिथे कुणी राहत नाही.

सामान आवरलं. चहाचं कुणी विचारलं नाही आणि मी थांबलोही नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हटलं, "काकू, येतो." त्यांनी मान हलवली आणि दार लोटलं. ते माझ्या तोंडावर बंद झालं, कुठेही न अडता, चौकटीत चारी बाजूंनी नीट बसलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. मग घरी आलो.